न फाटणारी चादर

चादरींच्या दुकानात गेलं की मला आजही राग येतो. दुकानदार घडी उलगडतो, झटक्यात हवेत उडवतो, गुलाबाची फुलं दाखवतो आणि म्हणतो, "ताई, डाग अजिबात दिसणार नाही." समोरचं गिऱ्हाईक खूष होतं. डाग नसणं आणि डाग न दिसणं यांतला फरक ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी ही फुलं छापलेली असतात. मी तिथं काहीतरी लागेलसं बोलते आणि बाहेर पडते. ही सवय आईची नव्हे. आई दुकानात फार कमी बोलायची. तिचं ते कमी बोलणं एकदा नीट ऐकलं असतं, तर हे लिहायची वेळ माझ्यावर आली नसती.

नव्वदच्या दशकात आई साताऱ्यातल्या एका खाजगी प्रसूतिगृहात धुणं धुवायची. बारा खाटा होत्या. बाळंतपण म्हटलं की लोकांना पेढे आठवतात. आईला चादरी आठवायच्या. रक्त, पाणी, उलटी, दूध, तान्ह्याची शी. एका बाईच्या तीन दिवसांत पाच-सहा चादरी बदलाव्या लागत. त्या आधी गार पाण्यात बुडवायच्या, मग सोडा घालून चुलाणावरच्या हंड्यात उकळायच्या, मग दगडावर घासायच्या, ब्लीचिंग पावडरीच्या पाण्यातून काढायच्या, पिळायच्या, वाळवायच्या. घरातली चादर आठवड्यातनं एकदा पाणी बघते. तिथली चादर कधी कधी एका दिवसात दोनदा बघायची.

माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. ते गेले, आणि घरात मागं राहिली ती पत्रकं: संपाची, मोर्च्याची, दारूबंदीची, धरणग्रस्तांची. फळीवर तीच अंथरलेली, डब्यांच्या तळाशी तीच. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. जगात एक बाजू लुटणारी असते आणि एक लुटली जाणारी, एवढं मला पाढ्यांच्या आधी येत होतं. ते चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. अपुरं होतं.

डॉक्टर बाळंतपणं करायचे आणि बाकी सगळा कारभार त्यांच्या बायकोच्या हातात होता. आई तिला वहिनी म्हणायची. तिनं कुठल्याशा सेलमधून चादरींचा एक गठ्ठा उचलून आणला होता. वर्ष पुरं व्हायच्या आत त्या चादरी मधोमध विरल्या. एकदा तर एका बाळंतिणीनं कूस बदलली आणि तिच्या अंगाखाली चादर टर्रकन फाटली. तिच्या सासूनं सगळा मजला डोक्यावर घेतला. "आमच्या सुनेला चिंध्यांवर निजवता व्हय वो? आन् वर फी घेताय!"

त्या संध्याकाळी वहिनीनं आईला बोलावलं. मी आईला न्यायला गेले होते, म्हणून सगळं ऐकलं.

"मावशी, तुम्ही कपडे धुता की सूड उगवता?"

"कापडच पिचकं हाय, वहिनी. आन् ब्लीचिंगात घाला म्हणून तुमीच सांगितलंया."

"म्हणजे चूक माझी?"

आईनं ओले हात पदराला पुसले.

"हे बघा," वहिनी म्हणाली, "आता नव्या चादरी घेताना तुम्हीच चला. तुम्हीच निवडा. पण मग पुढच्या दिवाळीपर्यंत एक जरी चादर फाटली, तर मला दुसरी बाई बघावी लागेल. चालेल ना, मावशी?"

'मावशी' हा शब्द इतका गोड करून कुणाच्या पोटावर पाय देता येतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. आईनं मान हलवली. तिला दुसरं काम नव्हतं आणि वहिनीला ते पक्कं ठाऊक होतं.

वहिनीचं माहेर सांगलीचं, त्यामुळे खरेदी सांगलीतच. ती गाडीनं गेली. मी आणि आई एसटीनं. मी का गेले? गठ्ठा उचलायला, असं आई म्हणाली. मला मात्र वाटत होतं की तिथं आईच्या बाजूनं बोलणारं कुणीतरी हवं.

दुकान मोठं होतं, पांढऱ्या गाद्या टाकलेलं. वहिनीसाठी चहा आला. आईला कुणी बसा म्हटलं नाही, ती उंबऱ्याशी टेकली. दुकानदारानं फुलांच्या चादरींचा ढीग मांडला. हात लावला की सुळकन सरकणारं, निम्मं पॉलिस्टरचं कापड.

"वहिनी, आता सगळ्या हॉस्पिटलात हेच जातंय. इस्त्री नको, वाळायला दोन तास. आणि डाग? डाग दिसणारच नाही बघा!"

वहिनीचे डोळे चमकले. "म्हणजे रोज नाही बदलली तरी चालेल."

आई उठून पुढं आली. तिनं चादरीचं टोक ओढलं, काठातला एक धागा सोडवून घेतला आणि दुकानदाराला म्हणाली, "मालक, काडीपेटी असंल तर द्या की."

दुकानदार हसला. "मावशी, दुकान पेटवता काय?"

तिनं धागा पेटवला. त्याची काळी, टणक गुठळी झाली. ती तिनं वहिनीच्या हातावर ठेवली. "सुताची राख व्हती. ह्याची गोळी झाली. ह्ये रगात पीत न्हाई, वहिनी. खाली रेक्झिनच्या गादीवर थारोळं साचतंय आन् बाई त्यात पडून राहती. आन् डाग दिसला न्हाई तर मी धुवायचं काय? डाग दिसला पायजे. दिसला तर निघतूय."

दुकानदाराचं हसणं थांबलं. त्यानं दुसरा ढीग ओढला. पांढऱ्या, साध्या, निळ्या काठाच्या चादरी. "हा वसतिगृहांचा माल. इचलकरंजीच्या मागावरचा."

मग आईनं जे केलं ते मी नुसतं बघितलं, समजून घेतलं नाही. तिनं चादरीचं टोक दोन मुठींत धरून खसाखसा चोळलं आणि गल्ल्याच्या काळ्या फळीवर झटकलं. पांढरी भुकटी फारशी पडली नाही, म्हणजे खळ थोडीच होती. नुसत्या खळीनं कडक झालेलं कापड पहिल्या धुण्यात मरतं. मग तिनं चादर उजेडासमोर धरली. वीण सारखी होती, कुठं दाट कुठं विरळ नव्हती. आडवी ओढली, तिरकी ओढली. मधे जोड नाही ना ते पाहिलं, कडेची शिवण दुमडून दुहेरी घातली आहे ना ते पाहिलं. शेवटी तिनं जे केलं त्याला मी मनात हसले: घडी तळहातावर घेऊन तिनं दोन-तीनदा वरखाली झुलवली. वजन केल्यासारखी.

"ह्या बऱ्या हायेत," ती म्हणाली. "जरा आटतील. लांबीला चार बोटं जास्तीच्या घ्या."

एवढंच बोलली. तिचं काम झालं होतं. आणि इथं मी तोंड उघडलं.

मी म्हणाले की हा यंत्रमागवाल्यांचा माल आहे, तिथं कामगार बारा-बारा तास उभा असतो, त्याला ना रजा ना पेन्शन, आणि त्याच्या घामाचं कापड आपण बाळंतिणीखाली घालणार का? मी म्हणाले की याच गावात विणकरांच्या सोसायटीचं दुकान आहे, हातमागाचं, नफेखोरांना टाळून थेट विणकराच्या हाताला पैसा देणारं. घ्यायचं तर तिथलं. मी पुष्कळ बोलले. दुकानातली दोन गिऱ्हाइकं ऐकत उभी राहिली. दुकानदार म्हणाला, "ताई, निवडणुकीला उभ्या आहात का?" तेव्हा मला आणखी चेव आला.

आईनं माझा दंड धरला. "माग कुनाचाबी असू दे गं. सूत बघ."

"आये, तू गप. तुला लुबाडतायत ते तुला कळत न्हाई."

होय, हे मी म्हणाले. चार लोकांत. ज्या बाईनं नुकतीच धाग्याची गोळी करून दाखवली होती, तिला.

आईनं माझा दंड सोडला. वहिनीनं चहाचा कप ठेवला. तिला मजा येत होती. "चला, तुमच्या सोसायटीत जाऊ," ती म्हणाली. "मुलगी शिकलेली आहे तुमची, मावशी. तिचं ऐकू या."

सोसायटीच्या दुकानात एक म्हातारा विणकर बसला होता. त्यानं चादरी काढल्या आणि मी जिंकले. जाड, घट्ट, पिवळसर पांढरं सूत. ओढून पाहिलं तर हलेना. उजेडासमोर धरली तर उजेडच येईना. म्हातारा म्हणाला, "फाटायची न्हाई पोरी, ल्येकाच्या लग्नापतुर जाईल. पर भिजल्यावर लय जड हुती. घरात दोन मानसं लागत्यात पिळाया."

त्याचं बोलणं मला विनय वाटला. आपल्या मालाचा दोष आपणच सांगणारा सच्चा श्रमिक! मी आईकडं अभिमानानं पाहिलं. आईनं घडी तळहातावर घेतली. एकदाच झुलवली आणि खाली ठेवली. तिनं माझ्याकडं पाहिलं, काही बोलणार होती, बोलली नाही. आधीच्या दुकानात मी तिला गप केलं होतं ना.

दोन डझन चादरी घेतल्या. गाडीत बसताना वहिनी म्हणाली, "तुम्ही माय-लेकींनी निवडल्यात. लक्षात ठेवा."

आमच्याकडं बाळंतिणीच्या अंगाखाली कोरं कापड घालत नाहीत. ते टोचतं, आणि शुभही नसतं म्हणतात. शुभ-अशुभावर माझा विश्वास नाही, पण टोचण्यावर आहे. आई नवी चादर चार वेळा धुतल्याशिवाय खाटेवर घालायची नाही. त्या दोन डझन चादरी तिनं चार-चार वेळा धुतल्या. एकटीनं. प्रसूतिगृहाच्या मागच्या अंगणात हौद होता, त्यावर दगड होता, आणि चादरीचं दुसरं टोक धरायला माणूस नव्हतं. ती एक टोक नळाच्या पायपाला अडकवायची आणि दुसऱ्या टोकानं पीळ घालायची. पहिल्या पिळाला वरचं पाणी जायचं, दुसऱ्याला आतलं. तिसरा पीळ घातला नाही, तर पावसाळ्यात ती चादर आठ दिवस वाळायची नाही आणि कुबट वास मारायची. म्हणून तिसरा पीळ. तो हातांनी बसत नाही, खांद्यानं बसतो.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या महिन्यांत मी काय करत होते? कॉलेज, सभा, पत्रकं. आई मला धुण्याला हात लावू द्यायची नाही. "तुझ्या हाताला शाईच बरी," म्हणायची, आणि मी तो आशीर्वाद समजून बाहेर पडायचे. मला कळलं ते श्रावणात. सकाळी ती डाव्या हातानं केस विंचरत होती. अंबाडा बांधायला उजवा हात वर जाईना. तिनं केस तसेच मानेवर गुंडाळून पदराखाली घेतले.

"खांद्याला काय झालं?"

"वारा बसलाय."

दोन दिवस विचारल्यावर सांगितलं. मी भडकले. म्हणाले, वहिनीकडं दुसरी बाई माग, हा तुझा हक्क आहे. आई हसली. ते हसणं मला आवडलं नाही.

"मागितली की. म्हनली, चादरी तुमीच निवडल्या ना मावशी? मग आता रडता कशाला?"

आमच्या घरात जी शेकडो पत्रकं होती, त्यांत विणणाऱ्याचा हात होता, सूत कातणाऱ्याचा हात होता, मागावरच्या माणसाचे सुजलेले पाय होते. धुणाऱ्या बाईचा खांदा एकाही पत्रकात नव्हता. कोण लिहिणार? ती पत्रकं लिहिणाऱ्या सगळ्या थोर माणसांचे सदरे घरी कुणीतरी पिळतच होतं.

शेवटी मार्ग आईनंच काढला, मला न विचारता. एका दुपारी तिनं नाळ कापायची, धार गेलेली जुनी कात्री घेतली, चादरीच्या काठाला मधोमध खाच दिली आणि चादर आडवी फाडली. न फाटणारी चादर. तिला दगडावर पाय देऊन ओढावी लागली. मग दुसरी, तिसरी. कडा शिंप्याकडून दुमडून घेतल्या. अर्धी चादर भिजली तरी तिला एकटीला झेपत होती, दोन पिळांत पाणी सोडत होती, पावसातही तिसऱ्या दिवशी वाळत होती. गादीवर सेलमधली एखादी धड उरलेली जुनी चादर अंथरायची आणि बाईच्या कमरेखाली ही अर्धी. खराब झाली की तेवढीच बदलायची, बाळंतिणीला उठवायलाही नको. नर्सना ते आवडलं. खुद्द डॉक्टर राउंडला येऊन म्हणाले, "हे बरं केलंय." कुणी केलंय ते त्यांनी विचारलं नाही.

दोन महिने सगळं सुरळीत चाललं. दिवाळीच्या आधी वहिनीनं कपाट आवरायला काढलं.

मी आईचा डबा घेऊन गेले होते. अंगणात वहिनी उभी होती, तिच्या हातात अर्धी चादर. शेजारच्या बाकावर आणखी अर्ध्या, एकावर एक.

"फाडल्या?"

"व्हय."

"कुणी?"

"मीच."

"आपलं काय ठरलं होतं, मावशी?"

"फाटली तर जायाचं ठरलंतं. ह्या फाटल्या न्हाईत, वहिनी. फाडल्यात."

"माझ्याशी वकिली करू नका. चांगला माल नासला तुम्ही."

आईनं हौदात हात घातला. अजून न फाडलेली एक आख्खी चादर तिनं डाव्या हातानं वर ओढली आणि दगडावर टाकली. पाण्याचा लोट वहिनीच्या चपलांपर्यंत गेला.

"एवढी एक पिळून दावा. मग उद्याधरनं येत न्हाई."

वहिनीनं दोन बोटांनी चादरीचं टोक उचललं आणि सोडलं. बोटं पदराला पुसली. "मला हेच करायचं असतं, तर तुम्हाला ठेवलं कशाला असतं?"

मी पुढं झाले. माझ्या तोंडात भाषण तयार होतं, पहिल्या वाक्यापासून शेवटच्या घोषणेपर्यंत. आईनं ओला हात माझ्या छातीवर आडवा धरला.

"तू गप. तुझं बोलून झालंया सांगलीत."

ती पायऱ्यांवर बसून डबा जेवली. सगळा. मग हात धुऊन निघाली. हौदातलं धुणं तसंच राहिलं. तिच्या आयुष्यात तिनं भिजलेलं धुणं टाकून निघून जाण्याची ती एकच वेळ.

त्या अर्ध्या चादरी प्रसूतिगृहानं टाकल्या नाहीत. 'नासलेला' माल तिथं वापरात राहिला, आणि मी असं ऐकलं की वहिनीनं उरलेल्याही शिंप्याकडून अर्ध्या करून घेतल्या. तिच्याबद्दल माझ्या मनात कधीही दया आली नाही. यायचं कारणही मला दिसत नाही.

दिवाळीनंतर एक बाई आमच्या दारात आली. आईपेक्षा तरुण, हातांची सालं निघालेली. आईच्या जागी घेतलेली होती. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "आक्का, त्या जाड कापडातलं रगात निघंना झालंय. वहिनी लय बोलत्यात. तुमी कसं काढत हुता?"

मी म्हणाले, "त्यांनाच विचारा की. हिला काढून तुम्हाला घेतलंय ना?"

आई माझ्यावर खेकसली. "तिनं काढलंय का मला? आत ये गं बाई. गरम पाण्यात टाकतीस न्हवं?"

"व्हय."

"तितंच चुकतंय. गरम पाण्यात रगात शिजतंय, मग कवाच निघत न्हाई. आदी गार पानी, मीठ टाकून. उकळायचं मागनं. आन् ब्लीचिंग रोज न्हाई, आठवड्यातनं एकदा, न्हाईतर ह्येबी कापड पिचंल."

"आन् पिळायचं?"

आईनं मोरीतनं आमच्या घरातलं जाड अंथरूण ओढून बादलीत बुडवलं. उजवा हात तिला कमरेच्या वर नेता येत नव्हता. तिनं माझ्याकडं बघून हनुवटी हलवली. मी एक टोक धरलं. दुसरं तिनं डाव्या हातात घेऊन काखेत दाबलं.

"मनगटानं न्हाई. कंबर फिरव. तिला दाखव नीट."

त्या बाईला दिसावं म्हणून मी कंबर फिरवली. पीळ आखडत गेला, पाणी माझ्या पायांवर पडलं, आणि अर्ध्यातच मुठीतनं टोक निसटून अंथरूण थपकन मोरीत पडलं. ती बाई हसली.

"धर पुन्हा," आई म्हणाली.

मी पुन्हा धरलं.